दातांनी सोललेली वायर

संजू,

तुझी पकड सापडली. पिठाच्या डब्यामागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल मुठीची. दुकानातून आणली तशीच. वर्षभर मी विचारत राहिले आणि वर्षभर तू एकच सांगत राहिलास.

"पकड कुठाय?"

"हरवली."

"दुसरी आणते."

"तीपण हरवेल. अक्का, दात कधी हरवतात का?"

आणि मग माझ्या देखत, मुद्दाम, वायरचं टोक दाढेखाली धरून एक गिरकी द्यायचास. काळं आवरण थुंकून टाकायचास आणि आतली चकचकीत जाळी मला दाखवायचास. मी म्हणायचे, तोंड आहे की अडकित्ता? तू म्हणायचास, तुझ्या बीएस्सीला दातांवर धडा नव्हता वाटतं. गल्लीतली पोरं हसायची. मलाही हसू यायचं, पण मी ते दाखवायचे नाही. मास्तरणीचा चेहरा करून उभी राहायचे.

हरवली नव्हती रे. जपून ठेवली होतीस. बहिणीनं आणलेली वस्तू खराब होऊ नये म्हणून. आता ती हातात घेऊन मी तुझ्याशी भांडू तरी कशी?

तू गेल्यावर लोक येतात आणि तुझ्याबद्दल जे बोलतात त्यातला कुणीच मला तू वाटत नाही. "कर्तबगार मुलगा होता." "पिंप्राळ्यात पहिली डिशची छत्री त्याची." मी चहा देते आणि ऐकते. तू दहावीला दोनदा बसलास, आबांच्या मागं डाळ मिलमध्ये पोती उचलायला जायचं नाही म्हणून हट्टाला पेटलास, आणि एके दिवशी पेपरातली बातमी कापून माझ्यापुढं ठेवलीस. आदल्या वर्षी मोठ्या शहरातल्या हॉटेलांमध्ये लोकांनी परदेशातली लढाई टीव्हीवर घडत असताना पाहिली, अशी ती बातमी होती. तू म्हणालास, "अक्का, ही वर आकाशातून येते. आपल्याही आकाशातून जात असेल. मग आपल्याला का नाही?"

आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आबांनी पाठीवर पोती वाहून मला शिकवलं, आणि मी त्या शिक्षणाचा तोरा मिरवते हे मला माहीत आहे. अजूनही मिरवते. पण तुझ्यासारखा प्रश्न मला कधी पडला नाही.

ब्याण्णव साल उजाडलं तेव्हा आपल्या गल्लीत एकच चॅनल होतं, सरकारी. त्यावर जे लागेल ते सगळ्यांनी बघायचं. शेतीवरची चर्चा असली तरी बघायची. फेब्रुवारीत तू वेल्डिंगवाल्याकडून बारा फुटांची छत्री करून आणलीस. हातगाडीवर उलटी घालून आणली तर म्हाताऱ्यांना वाटलं लग्नाच्या जेवणाची कढई आली. गच्चीवर चढवायला आठ माणसं लागली. मग तू मला धुळ्याला माझ्या शाळेत फोन केलास, हेडमास्तरांच्या खोलीत, आणि मला तिथं जाऊन उभं राहावं लागलं. "अक्का, शनिवारी ये. कोन काढायचाय. डिग्री घेऊन ये."

मी आले. पारोळ्याच्या स्टँडवर एसटी थांबली तेवढ्या वेळातही मांडीवर वही ठेवून गणित करत होते. मासिकातलं सूत्र, जळगावचे अक्षांश, रेखांश. गच्चीवर तुझे मित्र बसलेले. मी कोन सांगितला. तू कोनमापकाला दोरा बांधून, दोऱ्याला नट लटकवून तो लावलास. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मी परत गणित केलं. परत मुंग्या. माझे कान तापले. शेवटी तू म्हणालास, "वाऱ्यानं हलली असेल," आणि छत्रीला पाठ लावून आग्नेयेकडं इंच इंच सरकवत राहिलास. दोन तास. आणि एकदम खालून कुणीतरी ओरडलं, "आलं! गोरी बाई आली!"

खाली उतरल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, "कोन माझ्या अक्कानं काढला. बीएस्सी आहे ती."

माझं गणित चुकलं होतं, संजू. मी उणेचं चिन्ह विसरले होते. बसमध्ये परतताना मला सापडलं. तुला सांगेन म्हटलं होतं, पण पुढच्या शनिवारी तू तेच कौतुक दुकानदाराला ऐकवत होतास, आणि मी ऐकत उभी राहिले.

त्या एका वर्षात टीव्ही एवढा बदलला की आता मागं पाहिलं तर दहा वर्षं गेल्यासारखी वाटतात. सकाळी सरकारी, दुपारी तुझ्या व्हिडिओवरचा पिक्चर, मध्ये मध्ये कापडाच्या दुकानाची जाहिरात, तीही तुझ्याच अक्षरात. संध्याकाळी गोऱ्या लोकांची मालिका. माय ती रोज बघायची. एक अक्षर कळत नव्हतं, तरी पदर सावरून बसायची आणि म्हणायची, "ह्या लोके कसाले इतला भांडतस व? घर तं केवढं मोठं शे!" तू तिला गोष्ट सांगायचास, मनाची बनवलेली. त्या घरातल्या गोऱ्या सुनेची सासू पारोळ्याची आहे इथपर्यंत तुझी मजल गेली होती. मायला ते पटलंही होतं.

आणि मालतीकाकू. घरोघरी ओढलेली वायर लांबली की चित्र थकतं, म्हणून मध्ये एक डबा बसवावा लागतो, अँप्लिफायर. त्याला वीज लागते, आणि ती कुणाच्या तरी घरातूनच घ्यावी लागते. तू मालतीकाकूंच्या ओट्यावर डबा बसवलास. त्यांच्या घरापलीकडची सगळी मागची गल्ली त्यांच्या बटणावर. महिनाभर सुरळीत गेलं. मग नळावर मागच्या गल्लीतल्या कुणाशी तरी त्यांची वाजली, आणि बरोबर मालिकेच्या वेळेला काकूंनी बटण खाली केलं. बावीस घरांत मुंग्या. तू सायकल टाकून धावत गेलास.

"काकू, डबा बंद झालाय."

"हो का? मला बाई तुमच्या यंत्रातलं काय कळतं?"

"काकू, मागची गल्ली माझ्या घरी आलीये."

"येऊ दे. आधी त्या नळावरच्या बाईला म्हणावं, माझी घागर जागेवर ठेव."

घागर जागेवर गेली, बटण वर झालं. त्यानंतर मागच्या गल्लीत काकूंशी सगळे गोड बोलू लागले. संक्रांतीचे लाडू आता वर्षभर येतात, असं त्याच सांगायच्या. तुझ्यावर त्यांचा जीव होता. शिडीवर चढलास की खालून ओरडायच्या, "चप्पल घाल रे बाबा!" तू कधी घातली नाहीस. चप्पल घसरते म्हणायचास.

मी आता जे लिहिणार आहे ते लिहायलाच हा कागद घेतलाय. बाकीचं मी तुला मनातल्या मनात सांगू शकले असते.

वर्ल्डकपचे दिवस होते. तुझ्या वायरीतून सगळ्यांच्या घरी चित्र काचेसारखं आणि आपल्याच घरी पावसाळी. आबांनी जुना विकत घेतलेला तो काळा-पांढरा सेट. तुला त्याची लाज वाटायची. रविवारी तू त्याची पाठ उघडून बसलास. वायर जिथं आत जाते तिथं मसुराच्या डाळीएवढे दोन तुकडे होते, बारीक पायांचे. एक तडकलेला होता. ते तू चिमटीत धरून मला विचारलंस, "अक्का, हे कशासाठी असतं गं?"

मला माहीत नव्हतं.

तुझे मित्र बसले होते. मी साडीच्या निऱ्या नीट करत म्हटलं, "काही विशेष नाही. काढलं तरी चालतं."

तू काढलेस. वायर थेट आत डाख देऊन जोडलीस. चित्र असं आलं की चेंडूची शिवण दिसावी. तू माझ्या पाठीत थाप मारलीस.

मग ऑक्टोबर आला. पहिलं खासगी हिंदी चॅनल सुरू झालं, आणि ज्यांनी वर्षभर "आपल्याला नको ती थेरं" म्हणून तुला दारातून परत पाठवलं होतं, ते दिवाळीच्या आत जोडून दे म्हणून तुझ्या मागं लागले. आता भाषा कळत होती ना. तू दोन वेळा जेवायला घरी यायचास तो एकदाच येऊ लागलास. मी दिवाळीच्या सुट्टीला आले तर मायचं गाऱ्हाणं तयार. "जेवी ले म्हणस तं ऐकत नही. तू सांग त्याले." मी सांगितलं. आपण भांडलो. मी म्हटलं, आता धंदा बसलाय तर बाहेरून दहावी दे, नाहीतर आयटीआय कर, विजेचं काम शिकून कर. तू म्हणालास, "कागद तुझ्याकडं आहे, हात माझ्याकडं आहेत. दोघांचं मिळून चालतंय की." मी म्हटलं, मी जन्मभर पुरणार आहे का तुला? तू हसलास आणि ताट सरकवून गेलास. ते भांडण तिथंच राहिलं.

तो रविवार. तू कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावून नवा जोड देत होतास. लोखंडी शिडी, अनवाणी पाय. मी आत साडीला इस्त्री करत होते. मायला वाटलं टीव्ही लावावा. तिनं लावला, चित्र दिसलं आणि गेलं. तू तिकडं जोड सोडला होतास.

माय दारात जाऊन ओरडली, "संज्या, चित्र गयं रे!"

तू वरून म्हणालास, "आणतो माय, दोन मिनिटं!"

मी ते ऐकलं. इस्त्री फिरवत ऐकलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. शिडी पडल्याचा आवाज आला. मी पळत आले तर तू खाली होतास आणि वायर तुझ्या तोंडापाशी. मी किंचाळले, "मेन बंद करा! सगळ्यांनी मेन बंद करा!" आणि सगळ्या गल्लीनं केले. खटाखट. मालतीकाकू स्वतः धावत जाऊन आल्या. मग मी लाकडी फळीनं वायर बाजूला केली. विजेचा धक्का बसल्यावर काय करावं, हे नववीच्या पुस्तकात आहे. चार चित्रं आहेत. मी दर वर्षी शिकवते, पोरांकडून पाठ करून घेते. मी चारही चित्रं केली, संजू. त्याच क्रमानं केली. तुझ्या छातीवर हात ठेवून मोजत राहिले. रिक्षा आली तरी मोजत होते. कुणीतरी माझे हात धरून उचलले.

त्यानंतर विजेच्या ऑफिसातला माणूस आला, खांब बघितला, तारा बघितल्या, खांबावरून काही उतरलेलं नाही असं म्हणाला. म्हणजे वीज तुझ्याच वायरीतून आली. कुणाच्या तरी घरातून. सगळ्यांनी एकदमच मेन बंद केलेले, त्यामुळं कुणाच्या घरातून, ते कळायला मार्ग नव्हता. पण गल्लीला उत्तर हवं होतं, आणि डबा एकाच ओट्यावर होता. "त्या बाईचा डबाच तसला. बटणाशी खेळायची ना." ज्यांनी लाडू पाठवले होते तेच बोलू लागले. मालतीकाकूंनी डबा उपटून गोणपाटात बांधला आणि दार लावून घेतलं. दहाव्याला आल्या तर बायका सरकून बसल्या. आपली मायसुद्धा. काकू चपलांपाशी बसल्या आणि तशाच उठून गेल्या.

तेरावा झाल्यावर दुपारी माय जरा लवंडली होती. टीव्हीवर चादर टाकलेली, इतके दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. मला काय सुचलं कुणास ठाऊक. तुझ्या पेटीतला टेस्टर घेतला, चादर वर केली, सेटचं बटण दाबलं आणि मागं जिथून तुझी वायर निघते तिथं उघड्या जाळीला टेस्टर टेकवला.

लागला. लाल, चांगला ठसठशीत.

मी दोन पिनांचा प्लग काढून उलटा करून घातला. टेस्टर विझला.

जुन्या सेटचं असं असतं. प्लग सुलट असला तर काही नाही. उलट गेला की सेटचा आतला सगळा पत्रा जिवंत होतो. म्हणून तर कारखान्यात ते दोन बारीक तुकडे बसवतात. ते चित्र आत येऊ देतात आणि वीज बाहेर जाऊ देत नाहीत. हे मी नंतर धुळ्याला जाऊन पुस्तकात वाचलं. पान माझ्या ओळखीचं होतं. परीक्षेला मी ते सोडून दिलं होतं.

प्लग त्या सकाळी मी काढला होता. इस्त्री तापवायला. तापल्यावर परत मी घातला की मायनं, ते मला आठवत नाही. मी आठवायचा इतका प्रयत्न केलाय की आता दोन्ही खरं वाटतं. कधी माझा हात दिसतो, कधी तिचा, बांगड्यांसकट. चित्र गेलं म्हणून तिनं प्लग हलवून पाहिला असेल का? विचारायची सोय नाही. विचारलं की तिला कळेल. आणि तुकडे काढायला कुणी सांगितलं, ते तर विचारायलाच नको.

मी तुला सांगते आहे, कारण आता तू कुणाला सांगू शकत नाहीस. हे किती वाईट वाक्य आहे. पण खरं तेच आहे.

काल दुपारी माय मेथी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"पोरी, एक सांगशी का? तुले तं बठ्ठं समजस. कोना घरना करंट व्हता तो?"

मी पंधरा दिवस या प्रश्नाची वाट बघत होते. तयारी काहीच नव्हती.

"मालतीकाकूंच्या डब्यातला नव्हता, माय."

"नक्की?"

"नक्की. संजूनं जोड सोडला होता तो अलीकडचा. काकूंचा डबा पलीकडं. तिकडून येऊच शकत नाही. हे मी कुणालाही लिहून देईन."

तिनं मेथीची काडी मोडली. "मंग कोना?"

समोर तो टीव्ही, चादर घातलेला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तू छत्रीखाली माझ्याकडं बघायचास तसंच, आता कोन सांगेल म्हणून. आबा होते तेव्हा रिझल्टच्या दिवशी बघायचे तसंच.

"ते मला समजत नाही," मी म्हटलं.

"इतली शिकनी तरी?"

"इतकी शिकले तरी."

तिनं भाजी बाजूला ठेवली, हात पुसले, पदर डोक्यावर घेतला. "चाल मन्हा संगे."

मालतीकाकूंनी दार बोटभरच उघडलं. माय उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मालतीबाई, तुमना डबाना करंट नव्हता. मन्ही पोर बीएस्सी शे. तिनी सांगं."

शेजारच्या दारांत बायका आल्या. काकूंनी चौकट धरली आणि खालीच बसल्या. माय त्यांच्याजवळ बसली. दोघी रडल्या. मी पायरीवर उभी. मग काकूंनी डोळे पुसून विचारलं, तसं कुणीही विचारलंच असतं, "मग हो संजूची आई, आला कुठून?"

मायनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "ते तिले बी समजत नही."

काकूंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. दारातल्या सगळ्या बायकांनी पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही समजत."